काउंटर-स्ट्राइक : एका प्रथमपुरुषी नेमबाजी खेळाची बलस्थाने आणि उणिवा

बीजसंज्ञा : संगणकीय खेळ, प्रथमपुरुषी दृष्टिकोन, सांघिकता, दारूगोळा, ई-क्रीडा, महाविद्यालयीन युवक

प्रस्तावना

वर्धा जिल्हा महाराष्ट्राबाहेर ओळखला जातो तो सेवाग्राममुळे. महात्मा गांधी १९३६ मध्ये शेगाव या खेड्यात वास्तव्यास आले आणि पुढे हेच खेडे सेवाग्राम या नावाने जगाला परिचित झाले. याच जिल्ह्याच्या देवळी तालुक्यातील पुलगाव येथे दुसऱ्या महायुद्धाच्या काळापासून लष्कराचे मध्यवर्ती दारूगोळा भांडार आहे, ही बाब मात्र जिल्ह्याबाहेर फारशी कोणाच्या लक्षात नसते. अहिंसेचा आश्रम आणि दारूगोळ्याची कोठारे एकाच जिल्ह्यात नांदत आहेत. अशा जिल्ह्यातील महाविद्यालयात शिकणारा विद्यार्थी पडद्यावर बंदूक चालवितो, तेव्हा तो नेमके काय करीत असतो, हा प्रश्न येथील अध्यापकांना अधिक जवळचा वाटावयास हवा.

प्राध्यापक कक्षात हा विषय निघाला की साधारणतः दोन मते ऐकू येतात. ‘या गोळीबाराच्या खेळांनी पोरे बिघडली’ हे एक आणि ‘खेळच तर आहे, वय झाले की सुटेल’ हे दुसरे. दोन्ही मतांत एक साम्य आहे. खेळ प्रत्यक्ष पाहून ती बनलेली नसतात. एखादी कादंबरी न वाचता तिच्यावर अभिप्राय देणे वाङ्मयाच्या प्राध्यापकास रुचणार नाही. खेळाच्या बाबतीत मात्र ते सर्रास चालते.

प्रस्तुत लेखात ‘काउंटर-स्ट्राइक’ या एकाच खेळाचा, त्यातही त्याच्या १.६ या आवृत्तीचा, विचार केला आहे. हा खेळ खऱ्या अर्थाने प्रथमपुरुषी आहे, हे या निवडीचे एक कारण. दुसरे असे की, एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात जिल्ह्याच्या ठिकाणचे सायबर कॅफे आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांची वसतिगृहे या खेळाने गजबजलेली असत. त्या वेळचे खेळाडू आज पालक झाले आहेत आणि त्यांतील काही जण एव्हाना प्राध्यापक कक्षातही येऊन बसले आहेत, हे वेगळे सांगावयास नको. आजचे विद्यार्थी मोबाइलवर जे खेळ खेळतात, त्यांच्यावरही या खेळाची छाया आहे. लेखाचे प्रतिपादन असे की, या खेळाची बलस्थाने त्याच्या फेरीच्या आत, म्हणजे नियमांत आहेत. त्याच्या उणिवा मुख्यतः फेरीच्या बाहेर, म्हणजे खेळाने जे वगळले त्यात आणि खेळाभोवती जे उभे राहिले त्यात आहेत.

प्रथमपुरुषी दृष्टिकोन म्हणजे काय

व्याकरणात ‘मी’ हा प्रथमपुरुष. ज्या खेळात पडद्यावरील दृश्य खेळाडूच्या पात्राच्या डोळ्यांतून दिसते, पात्र स्वतः दिसत नाही, दिसतात ते केवळ त्याचे हात आणि हातातील शस्त्र, त्यास प्रथमपुरुषी नेमबाजी खेळ म्हणता येईल. विद्यार्थी त्याला ‘एफपीएस’ या आद्याक्षरांनी ओळखतात. आयडी सॉफ्टवेअर या अमेरिकी कंपनीच्या ‘वुल्फेनस्टाइन थ्रीडी’ (१९९२) आणि ‘डूम’ (१९९३) या खेळांनी हा प्रकार लोकप्रिय केला.

तृतीयपुरुषी खेळात खेळाडूला स्वतःच्या पात्राची पाठ दिसते. हा फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. तृतीयपुरुषी खेळात भिंतीआड उभे राहून, स्वतः न दिसता, पलीकडचे पाहता येते. कारण पाहणारी नजर पात्राच्या मागे आणि वर असते. प्रथमपुरुषी खेळात ही सोय नाही. कोपऱ्यापलीकडे काय आहे हे पाहावयाचे असेल तर डोके कोपऱ्याबाहेर काढावे लागते आणि काढलेले डोके समोरच्यालाही दिसते. पाहणे आणि दिसणे यांची किंमत एकच ठरते. ‘पबजी’सारख्या खेळात दोन्ही दृष्टिकोन उपलब्ध होते आणि कसलेले खेळाडू बहुधा प्रथमपुरुषी प्रकार अधिक कसोटीचा मानीत, याचे कारण हेच होय.

खेळाची घडण

हा खेळ कोणत्याही मोठ्या कंपनीच्या योजनेतून जन्मास आलेला नाही. अमेरिकेतील व्हॉल्व्ह या कंपनीने नोव्हेंबर १९९८ मध्ये ‘हाफ-लाइफ’ हा खेळ बाजारात आणला आणि त्यात फेरफार करण्याची साधने वापरणाऱ्यांना खुली ठेवली. मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी त्यांचा उपयोग करून जून १९९९ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक’ची चाचणी आवृत्ती विनामूल्य प्रसृत केली. दोघेही त्या वेळी विद्यापीठात शिकत होते. पुढे व्हॉल्व्हने खेळाचे हक्क घेतले आणि २००० मध्ये तो स्वतंत्रपणे विक्रीस आला. १.६ ही आवृत्ती २००३ ची. आपल्याकडील कॅफेंत मात्र ती बहुतांशी विनापरवाना प्रतींच्या रूपानेच पोहोचली. साधारण क्षमतेच्या, जुन्या संगणकावरही ती चालत असे, त्यामुळे नव्या आवृत्त्या आल्यानंतरही कॅफेवाल्यांनी ती सोडली नाही.

खेळाची रचना सोपी आहे. एका बाजूस दहशतवादी, दुसऱ्या बाजूस दहशतवादविरोधी पथक. स्पर्धेत दोन्हीकडे पाच-पाच गडी. पहिल्या संघाने नकाशावरील दोन ठरलेल्या जागांपैकी एका जागी बॉम्ब ठेवावयाचा, दुसऱ्याने तो ठेवू द्यावयाचा नाही किंवा ठेवल्यास निकामी करावयाचा. निकामी करण्यास दहा सेकंद लागतात. त्यासाठीचे साहित्य आधी विकत घेतले असेल तर पाच. काही नकाशांत बॉम्बऐवजी ओलिसांची सुटका हे उद्दिष्ट असते. ठरावीक फेऱ्यांनंतर संघ बाजू बदलतात. खो-खोमध्ये एका पाळीत पळणारा संघ पुढच्या पाळीत पाठलागास बसतो, त्याच न्यायाने. त्यामुळे कोणताही खेळाडू कायमचा ‘दहशतवादी’ नसतो आणि कायमचा ‘रक्षक’ही नसतो.

फेरीच्या आत

या खेळाचे सर्वात मोठे बलस्थान म्हणजे त्यातील मरणाची किंमत. १९९० च्या दशकातील बहुतेक नेमबाजी खेळांत मेलेला खेळाडू दोन-चार सेकंदांत पुन्हा मैदानात उतरे. परिणामी बेफिकिरी हाच शहाणपणा ठरे. काउंटर-स्ट्राइकमध्ये गोळी लागून पडलेला गडी फेरी संपेपर्यंत परत येत नाही. कबड्डीत बाद झालेला गडी आपल्या संघाने गडी मारला की पुन्हा आत येतो. येथे तेही नाही. उरलेली फेरी त्याने केवळ पाहावयाची.  एका साध्या नियमाने संपूर्ण खेळाचा स्वभाव बदलतो. खेळाडू सावध होतो, थांबतो, ऐकतो.

ऐकणे हा शब्द येथे शब्दशः घ्यावयाचा आहे. धावणाऱ्या पात्राच्या पावलांचा आवाज भिंतीपलीकडच्या प्रतिस्पर्ध्यास ऐकू जातो. सावकाश चालल्यास जात नाही. म्हणजे वेग हवा तर गुप्तता सोडावी लागते आणि गुप्तता हवी तर वेग. हेडफोनच्या डाव्या-उजव्या आवाजावरून शत्रूची दिशा ओळखणारे खेळाडू पाहिले, तर हा खेळ केवळ डोळ्यांचा आणि बोटांचा आहे हा समज टिकत नाही.

दुसरे बलस्थान अर्थव्यवस्थेचे आहे आणि वाणिज्य शाखेच्या अध्यापकांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे असे ते आहे. सामन्याच्या आरंभी प्रत्येकाजवळ ८०० डॉलर असतात. या रकमेत जेमतेम एक बरे पिस्तूल किंवा संरक्षक कवच येते. एके-४७ रायफलची किंमत २५०० डॉलर, तर ‘एडब्ल्यूपी’ या दुर्बिणीच्या रायफलची ४७५०. प्रतिस्पर्ध्यास टिपले तर ३०० डॉलर मिळतात. ओलिसास इजा केली तर रक्कम कापली जाते. १.६ आवृत्तीत तर गोळ्याही वेगळ्या विकत घ्याव्या लागतात. सलग हरणाऱ्या संघाला दर फेरीगणिक काहीशी वाढती मदत मिळते, जेणेकरून तो स्पर्धेतून पूर्णतः बाहेर फेकला जाऊ नये. कोणाजवळही १६००० डॉलरहून अधिक रक्कम साठू शकत नाही. संचयावर कमाल मर्यादा आणि पराभूतास आधार, अशी ही व्यवस्था दोन विद्यापीठीय तरुणांनी कोणत्याही अर्थशास्त्रीय घोषणेशिवाय उभी केली, याचे कौतुक वाटल्यावाचून राहत नाही.

या व्यवस्थेतून एक चमत्कारिक कृती निर्माण होते. कधी-कधी संपूर्ण संघ ठरवून एक फेरी काहीच विकत घेत नाही. पाचही जण हातात पिस्तूल घेऊन, बहुधा हरणार हे जाणून, मैदानात उतरतात. कारण पुढच्या फेरीत पाचही जणांजवळ रायफल असणे हे या फेरीत दोघांजवळ असण्यापेक्षा हिताचे असते. खेळाडू यास ‘इको’ म्हणतात. एकट्याने मोह आवरून भागत नाही, पाचांनी आवरावा लागतो. त्यातील एकाने गुपचूप रायफल घेतली तर योजना फसते. बचतगटाच्या हिशेबाची वही ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे तत्त्व निराळे समजावून द्यावे लागणार नाही.

सांघिकता हे तिसरे बलस्थान याच्याशी जोडलेले आहे. ‘डस्ट-२’ हा २००१ मध्ये डेव्हिड जॉन्स्टन या ब्रिटिश तरुणाने रचलेला नकाशा जगभर खेळला गेला. त्यात बॉम्बच्या दोन जागा, त्यांकडे जाणारे मोजके मार्ग आणि त्यांना मध्यभागी जोडणारी एक गल्ली आहे. पाच जणांनी या मार्गांची वाटणी करावयाची आणि जे दिसले ते तत्काळ, कमीत कमी शब्दांत सांगावयाचे. कॅफेतील रांगेत बसलेल्या पोरांचा ‘बी ले चाल बे, दोन आहेत’ असा पुकारा बाहेरून ऐकणाऱ्यास गोंगाट वाटे. प्रत्यक्षात त्या चार-पाच शब्दांत जागा, आज्ञा आणि संख्या या तिन्ही गोष्टी आलेल्या असत. वर्गात तोंड न उघडणारा एखादा विद्यार्थी तेथे संघाचे नेतृत्व करीत असे, ही गोष्ट अध्यापकांच्या नजरेआड राहिली.

संशोधनाच्या पातळीवर या प्रकारच्या खेळांविषयी काही अनुकूल पुरावा उपलब्ध आहे. रॉचेस्टर विद्यापीठातील शॉन ग्रीन आणि डॅफ्नी बॅव्हेलिए यांनी २००३ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, असे खेळ न खेळणाऱ्या व्यक्तींना दहा दिवस रोज एक तास युद्धविषयक प्रथमपुरुषी खेळ खेळावयास दिला असता, ‘टेट्रिस’ खेळणाऱ्या गटाच्या तुलनेत त्यांचे दृश्य-अवधान सुधारल्याचे आढळले. मात्र यावरून फार पुढे जाऊ नये. पडद्याच्या कडेला हललेली वस्तू चटकन टिपणे आणि चाळीस मिनिटे एका प्रकरणाचे वाचन करणे ही दोन भिन्न अवधाने आहेत. परीक्षेत दुसरे लागते.

फेरीच्या बाहेर : काय वगळले

आता उणिवांकडे वळावयाचे. त्यांची सुरुवात हिंसेपासून करण्याची प्रथा आहे. २० एप्रिल १९९९ रोजी अमेरिकेतील कोलंबाइन येथील शाळेत दोन विद्यार्थ्यांनी गोळीबार केला, त्यानंतर ‘डूम’सारख्या खेळांवर जगभर दोषारोप झाले. त्यापुढील दोन दशकांच्या अभ्यासांतून मिळालेले उत्तर दोन्ही पक्षांना पुरते सुखावणारे नाही. अमेरिकी मानसशास्त्रीय संघटनेने २०१५ मध्ये हिंसक खेळ आणि आक्रमक वृत्ती यांत संबंध असल्याचे नमूद केले, परंतु प्रत्यक्ष गुन्हेगारी हिंसेशी त्यांचा संबंध जोडण्यास पुरेसा पुरावा नसल्याचेही सांगितले. २०२० मध्ये तिने सामूहिक गोळीबारासारख्या घटनांचे खापर खेळांवर फोडण्याविरुद्ध सावध केले. ऑक्सफर्ड येथील अँड्र्यू प्रझिबिल्स्की आणि कार्डिफ येथील नेटा वाइनस्टाइन यांच्या २०१९ च्या अभ्यासात ब्रिटिश किशोरवयीनांच्या बाबतीत तर हिंसक खेळ आणि आक्रमक वर्तन यांत संबंध आढळला नाही. तेव्हा ‘खेळ खेळला म्हणून हात उचलला’ हे विधान जपूनच करावे.

खरी उणीव वेगळ्या ठिकाणी आहे, आणि ती या जिल्ह्यातून अधिक स्पष्ट दिसते. ‘डस्ट-२’ मधील घरे, कमानी, पेट्या, बाजारासारखी जागा वाळवंटी अरब वस्तीची आठवण करून देते. मात्र त्या वस्तीत कोणीही राहत नाही. दारे रंगविलेली आहेत, उघडत नाहीत. दहशतवाद्यांचे म्हणणे काय आहे, बॉम्ब नेमका कशासाठी ठेवावयाचा, हे खेळ सांगत नाही. खेळाडूलाही त्याची गरज भासत नाही. खेळ म्हणून हे रास्त असेलही. बुद्धिबळातील उंट कोणत्या राज्याचा, असे कोणी विचारीत नाही. परंतु बुद्धिबळाच्या पटावर अरब गाव रंगविलेले नसते. ज्याने गाव रंगविले त्याने गावकरी वगळले, ही निवड आहे.

तसेच गोळीचे. खेळात गोळी विकत मिळते, हे वर सांगितले. ती कोठून येते, कोण ठेवते, जुनी झाल्यावर तिचे काय होते, हे प्रश्न तेथे उद्भवत नाहीत. पुलगाव परिसरात ते उद्भवले आहेत. ३१ मे २०१६ च्या पहाटेपूर्वी तेथील भांडारात आग लागली आणि रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याचा स्फोट झाला. दोन लष्करी अधिकाऱ्यांसह सोळाहून अधिक जणांचा त्यात मृत्यू झाला आणि मृतांत आग विझविण्यास धावलेले अग्निशमन कर्मचारी मोठ्या संख्येने होते. आसपासच्या खेड्यांतील लोकांनी रात्रीतून घरे सोडली. त्यानंतर २० नोव्हेंबर २०१८ रोजी पुलगावजवळच्या सोनेगाव (आबाजी) येथील मैदानावर मुदत संपलेली स्फोटके नष्ट करण्याच्या कामात स्फोट होऊन सहा जण दगावले. त्यांत रोजंदारीवर आलेले गावकरी मजूर होते. कोणतेही युद्ध चालू नव्हते, कोणीही कोणावर नेम धरला नव्हता.

काउंटर-स्ट्राइकमध्ये पडलेला देह फेरी संपताच नाहीसा होतो, भिंतीवरील डाग पुसले जातात आणि तोच गडी पुढील फेरीच्या आरंभी उभा असतो. मरणाला किंमत देणारा म्हणून ज्या खेळाची वर प्रशंसा केली, त्याची किंमत दीड-दोन मिनिटांची असते. फेरीच्या आत हे पुरेसे आहे, किंबहुना त्याशिवाय खेळ चालणार नाही. परंतु विद्यार्थ्याच्या ठायी शस्त्राविषयीचे जे काही ज्ञान जमा होते, ते या फेरीपुरतेच मर्यादित राहते. एके-४७ ची झाडताना होणारी उसळी कोणत्या दिशेस जाते हे तो अचूक सांगतो. दारूगोळ्याच्या कोठारात काम करणाऱ्याला काय सांभाळावे लागते हे त्याला ठाऊक नसते, मग तो देवळी तालुक्याचा रहिवासी का असेना. सेवाग्रामचा दाखला देऊन या खेळाचा निषेध करणे सोपे आहे आणि वर्ध्यातील व्यासपीठांवर ते वारंवार होते. पुलगावचा दाखला अधिक उपयोगी पडेल, कारण तो उपदेश करीत नाही.

फेरीच्या बाहेर : काय उभे राहिले

२०१२ मध्ये ‘काउंटर-स्ट्राइक : ग्लोबल ऑफेन्सिव्ह’ ही आवृत्ती आली आणि ऑगस्ट २०१३ मध्ये तीत शस्त्रांवरील रंगीत आवरणांची, म्हणजे ‘स्किन्स’ची, भर पडली. या आवरणांनी नेम सुधारत नाही, गोळीचा जोर वाढत नाही. ती बंद पेटीतून निघतात. पेटी उघडण्यास किल्ली विकत घ्यावी लागते. आत काय निघेल हे नशिबावर. दुर्मीळ आवरणांची खरेदी-विक्री होऊ लागली आणि त्यांवर सट्टा घेणारी संकेतस्थळे निघाली. २०१६ मध्ये व्हॉल्व्हला अशा संकेतस्थळांना ते थांबविण्याच्या सूचना धाडाव्या लागल्या. २०१८ मध्ये बेल्जियमने अशा पेट्यांना जुगार ठरविले. फेरीच्या आत १६००० डॉलरची मर्यादा घालणाऱ्या खेळाभोवती अमर्याद बाजार उभा राहावा, यातील विसंगती कोणाच्याही लक्षात यावी.

वेळेचा प्रश्न सर्वांच्या परिचयाचा असल्याने त्यावर विस्तार नको. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात ‘गेमिंग डिसऑर्डर’चा समावेश केला असून ते १ जानेवारी २०२२ पासून अमलात आले. त्यात केवळ तास मोजलेले नाहीत. खेळण्यावरील ताबा सुटणे, इतर सर्व गोष्टींपेक्षा खेळास अग्रक्रम मिळणे आणि नुकसान दिसत असूनही खेळ चालू राहणे, हे साधारणतः बारा महिने आढळावे लागते. परीक्षेनंतरच्या आठवड्यात रात्रभर खेळणाऱ्या मुलास रोगी ठरविण्याची घाई करू नये. त्याचप्रमाणे वर्षभर तासिकांना न येणाऱ्या मुलास ‘आळशी’ एवढेच म्हणून सोडूही नये.

यापेक्षा कमी चर्चिला गेलेला बदल म्हणजे कॅफेकडून मोबाइलकडे झालेले स्थलांतर. ‘पबजी मोबाइल’ (२०१८) आणि ‘कॉल ऑफ ड्यूटी : मोबाइल’ (२०१९) या खेळांनी, आणि २०२० च्या टाळेबंदीत ऑनलाइन तासिकांच्या निमित्ताने घरोघरी आलेल्या स्मार्टफोनने, हा खेळ संगणकाच्या रांगेतून उचलून एकेकाच्या तळहातावर ठेवला. कॅफेत प्रतिस्पर्धी तीन खुर्च्या सोडून बसलेला असे. हरल्यावर त्याच्याशी भांडण होई आणि बाहेर आल्यावर त्याच्यासोबतच चहा घ्यावा लागे. तो ताशी दराने पैसे देऊन खेळत असल्याने वेळ आपोआप मोजला जाई, खिसा रिकामा झाला की उठावे लागे. मोबाइलवर यांपैकी काहीच नाही.

शिवाय कॅफेतील सर्व संगणक एकाच तारेने जोडलेले असल्याने कोणासही संदेशवहनाचा फायदा वा तोटा नसे. आता समुद्रपूर वा कारंजा तालुक्यातील खेड्यातून खेळणाऱ्याचा संदेश टॉवरमार्गे दूरच्या सर्व्हरपर्यंत जाऊन येईपर्यंत महानगरातील फायबर जोडणीवाल्याने गोळी झाडलेली असते. या विलंबास खेळाडू ‘पिंग’ म्हणतात. ग्रामीण विद्यार्थ्याचा पराभव कित्येकदा कौशल्याचा नसून पिंगचा असतो, आणि त्याला ते माहीत असते.

कॅफेचे गुणगान करताना एक गोष्ट मात्र लपविता कामा नये. तेथे मुली जवळजवळ नसत. अरुंद जागा, पोरांची गर्दी, शिवीगाळ, उशिरापर्यंतची वेळ, यांमुळे तो खेळ मुलांचाच राहिला. मोबाइलने मुलींना हा खेळ प्रथमच घरबसल्या खुला केला; पण आवाज ऐकताच मिळणाऱ्या शेरेबाजीमुळे अनेकींनी ध्वनिसंवाद बंद ठेवूनच खेळणे पसंत केले. सांघिकता हे ज्याचे मोठे बलस्थान, त्याच खेळात अर्ध्या खेळाडूंना बोलता येऊ नये, ही नियमांची नव्हे, खेळणाऱ्यांची उणीव होय.

बंदीचा अनुभव

ब्राझीलमध्ये न्यायालयाच्या आदेशाने २००८ मध्ये काउंटर-स्ट्राइकच्या विक्रीवर बंदी आली आणि २००९ मध्ये ती उठली. भारतात मार्च २०१९ मध्ये राजकोट येथील पोलिसांनी पबजीवर बंदी घालून खेळणाऱ्या तरुणांना ताब्यातही घेतले होते. २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र शासनाने माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ६९अ अन्वये ११८ अ‍ॅपवर बंदी घातली, त्यांत पबजी मोबाइल होते. या बंदीचे कारण हिंसा किंवा व्यसन नव्हते. देशाची सुरक्षा आणि नागरिकांची माहिती हे होते. पालकांनी आणि अध्यापकांनी ती आपल्या तक्रारीची दखल समजून स्वागतार्ह मानली. जुलै २०२१ मध्ये तोच खेळ ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’ या नावाने आला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा हटविला गेला आणि मे २०२३ मध्ये अल्पवयीनांसाठी दिवसाला तीन तासांच्या मर्यादेसारख्या अटींसह परतला.

वर्धा जिल्ह्यात अनेक दशकांपासून दारूबंदी आहे. बंदीने काय साधते, काय साधत नाही आणि बंद झालेली वस्तू कोणत्या वाटेने परत येते, याविषयी या जिल्ह्यातील अध्यापकांस कोणी बाहेरून येऊन सांगण्याची आवश्यकता नाही.

महाविद्यालयापुढील प्रश्न

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र शासनाने ई-क्रीडा हा विषय युवक कल्याण व क्रीडा मंत्रालयाकडे सोपविला. ऑगस्ट २०२५ मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक अधिनियमाने पैसे लावून खेळावयाच्या खेळांस मनाई केली आणि ई-क्रीडेस त्यांपासून वेगळे मानून मान्यता दिली. २०२३ मध्ये हांगझोऊ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धांत ई-क्रीडेसाठी पदके होती आणि तेथे पबजीची जी खास आवृत्ती खेळविण्यात आली, तीत खेळाडूंनी एकमेकांवर गोळ्या झाडावयाच्या नव्हत्या. मार्गावरील लक्ष्यांवर नेम साधत शर्यत पूर्ण करावयाची होती. नेम, वेग आणि सांघिकता यांपासून प्रतिस्पर्ध्याचा देह वेगळा काढता येतो, हे त्यावरून दिसले. तो प्रकार मूळ खेळाइतका रंगत नाही असे खेळाडू म्हणतात, आणि त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नसावे.

स्नेहसंमेलनात असे सामने भरवावेत अशी विद्यार्थ्यांची मागणी आल्यास काय करावे, हा प्रश्न आता कोणत्याही महाविद्यालयापुढे येऊ शकतो. सामने भरवावयाचे झाल्यास ते संगणक प्रयोगशाळेत, एकाच तारेवर, पाच-पाचांच्या संघांत, मुलींच्या संघांसह आणि ठरलेल्या वेळेत व्हावेत. आवरणांची आणि पैशांची देवघेव प्रवेशपत्रिकेतच निषिद्ध असावी. खेळाची प्रत परवानाधारक असावी. एरवी स्वामित्व हक्कावर व्याख्यान देणाऱ्या संस्थेस दुसरे शोभणार नाही. यंत्रे आधी तपासून घ्यावीत, कारण ऑक्टोबर २०१८ मध्ये शांघाय येथील स्पर्धेत एका भारतीय संघातील खेळाडूच्या संगणकावर नेम साधण्यास साहाय्य करणारी अवैध आज्ञावली सापडली होती, संघ स्पर्धेतून बाद झाला आणि लगोलग विसर्जितही करण्यात आला. सामन्यांच्या आधी एखादी तासिका पुलगाव आणि सोनेगावच्या घटनांवर घेता येईल. त्या परिसरातून महाविद्यालयात येणारे विद्यार्थी बहुतेक वर्गांत असतातच, बोलण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे.

यातील व्यावहारिक अडचण एकच उरते. अशा मागणीचा अर्ज कार्यालयात आल्यावर तो क्रीडा समितीकडे पाठवावा की शिस्तपालन समितीकडे, हे प्राचार्यांना ठरवावे लागेल.